आमच्या परसातला तेरडा

‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ ही म्हण आपण प्रत्येकीने शाळेत घोकलेली असते आणि पुढे संसारात कधी ना कधी वापरलेलीही असते. घरातल्या कुणी पहाटे उठून फिरायला जायचा नेम धरला, मुलाने तबला शिकायचं मनावर घेतलं, की शेजारपाजारचं कुणीतरी हसून म्हणतंच, ‘‘बघू या, तेरड्याचा रंग तीन दिवस!’’ बिचाऱ्या तेरड्याची बाजू मात्र कधी कुणी घेत नाही. आज ती घ्यावी म्हणून लिहायला बसले आहे.

मी काही मोठी बागवान नव्हे. चिपळूणला आमचं जुनं बैठं घर. मागे छोटंसं परस. त्यात एक विहीर, तीन माड, अळूचा वाफा आणि सासूबाईंचा तेरडा, एवढाच पसारा. सकाळचं स्वयंपाकपाणी उरकून दुपारी तीन तास शाळेत मराठी शिकवायला जाते. गुलाबाची कलमं आणि शोभेच्या कुंड्या यांची हौस करायला वेळही नाही आणि तेवढा पैसाही नाही. तेरड्याला या दोन्ही गोष्टी फारशा लागत नाहीत, म्हणून आमचं दोघांचं जमलं असावं.

माझं माहेर कराडकडचं. आमच्याकडे गौरी उभ्याच्या. पितळी मुखवटे, नव्या साड्या, पुढे फराळाची ताटं. २०१२ साली लग्न होऊन कुंभार्ली घाटाने खाली उतरले ती कोकणातली सून झाले, आणि पहिल्याच भाद्रपदात सासूबाई म्हणाल्या, ‘‘चल, गौर आणू या.’’ मला वाटलं, माळ्यावरून पेटी काढायची असेल. पण त्या मला घेऊन गेल्या परसात! गुलाबी फुलांनी भरलेली पाच झाडं त्यांनी हलक्या हाताने मुळासकट उपटली, विहिरीच्या पाण्याने मुळं स्वच्छ धुतली आणि माझ्या हातात देत म्हणाल्या, ‘‘मुळं मोडू नकोस हो. ती गौरीची पावलं आहेत.’’

कुणाकडे मुखवट्यांच्या गौरी, कुणाकडे नदीकाठच्या खड्यांच्या, तर कुणाकडे अशा तेरड्याच्या. ज्या फुलाला घाटातून येताना दोन्ही कडांना नुसतं पाहिलं होतं, ते माझ्या हातात पावलांसकट देवी होऊन घरात आलं. पहिल्या दिवशी भाजी-भाकरीचा नैवेद्य, दुसऱ्या दिवशी घावन-घाटलं, तिसऱ्या दिवशी विसर्जन. गौरसुद्धा तीनच दिवसांची पाहुणी की! पण तिला कुणी तीन दिवसांची म्हणून हिणवत नाही. उलट तीनच दिवस आहे म्हणून डोळ्यांत तेल घालून तिचं करतो.

त्या म्हणीचा खरा उलगडा मात्र मला एका विद्यार्थिनीने करून दिला. सहावीच्या वर्गात म्हणी शिकवत होते. फळ्यावर अर्थ लिहिला, ‘कोणत्याही गोष्टीची शोभा थोडाच काळ टिकते.’ मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. ‘‘बाई, पण आमच्या बांधावरचा तेरडा तर गणपतीच्या आधीपासून दसऱ्यापर्यंत असतो!’’

वर्ग खो खो हसला. मला तिचं म्हणणं पटण्यासारखं वाटलं. घरी आल्यावर परसातल्या एका टपोऱ्या कळीच्या देठाला लाल दोरा बांधला. कळी उमलली, दोन दिवस छान टवटवीत राहिली, पुढे मलूल झाली आणि चौथ्या दिवशी सकाळी दोरा तेवढा शिल्लक! पण तोवर त्याच झाडावर वरच्या पेरांशी आठ-दहा नवी फुलं उमलली होती. म्हणजे म्हण खोटी नाही, पण अर्धी आहे. फूल तीन दिवसांचं, झाड मात्र महिना-दीड महिना फुलत राहतं. म्हण करणाऱ्याने फूल पाहिलं, झाड पाहिलं नाही.

आणि त्या तीन-चार दिवसांतही फूल नुसतं मिरवत नाही. तेरड्याचं फूल जरा निरखून पाहा. मागे बारीक वाकडी शेपटी दिसेल, तिच्यात मध असतो. फूल उमलतं तेव्हा आत परागकोशांची इवलीशी टोपी असते. मधासाठी येणाऱ्या भुंग्याच्या पाठीला पराग लागतो. मग ती टोपी गळून पडते आणि तिच्याखाली झाकलेलं स्त्रीकेसर उघडं होतं. आता दुसऱ्या फुलावरून आलेला पराग घ्यायला ते तयार. आधी द्यायचं, मग घ्यायचं, आणि हे सगळं तीन-चार दिवसांत. एवढं काम करणाऱ्याला आपण चंचल म्हणायचं का?

आता मैत्रिणींनो, तुम्हाला तेरडा लावायचा असेल तर काय करायचं ते सांगते. रोपवाटिकेत ‘बालसम’ म्हणून बी मिळतं, ते बहुधा गुलाबासारख्या दुहेरी पाकळ्यांच्या फुलांचं असतं. जातीने तोही तेरडाच, पण माणसाने निवडून निवडून तसा केलेला. रानातला आपला तेरडा एकेरी, गुलाबी. ओळखीच्या कुणाच्या बांधावरून आश्विनात त्याचं मूठभर बी आणावं. रोपं उपटून आणू नयेत. आणि कासच्या पठारावर जो गुलाबी गालिचा दिसतो, तो तेरड्याच्याच गोतातला असला तरी जात निराळी. कातळावरच्या बोटभर मातीत राहणारी ती मंडळी आपल्या कुंडीत सुखाने नांदायची नाहीत. त्यांना तिथेच पाहावं आणि रिकाम्या हाताने परत यावं.

बी पेरायचं मृगाचा पहिला पाऊस पडून माती निवली की. फार खोल पुरू नये. भुसभुशीत मातीवर भुरभुरून वरून चिमूटभर माती टाकली की पुरे. आठ-दहा दिवसांत दोन जाड दलं वर येतात. चार पानं झाली की दाट उगवलेली रोपं काढून दोघांमध्ये मोठी वीतभर अंतर ठेवावं. दाटी झाली तर हवा खेळत नाही आणि तेरड्याचं रसाळ खोड बुंध्याशी कुजतं. जूनच्या सुरुवातीला पेरलेला तेरडा साधारण दोन महिन्यांत फुलतो, म्हणजे गौरीला बरोबर मिळतो. कुंडीत लावणार असाल तर तळाचं भोक मोकळं हवं. पाणी तुंबलेलं त्याला चालत नाही, आणि श्रावणात ऊन-पाऊस सुरू झाला की कोरडंही चालत नाही. दोन दिवस पाऊस ओढला की सगळ्यात आधी मान टाकतो तो तेरडा. पण संध्याकाळी तांब्याभर पाणी घाला, तासाभरात पुन्हा ताठ! सकाळी रुसून संध्याकाळी विसरणाऱ्या मुलासारखा आहे तो.

खताचे लाड नकोत. कुजलेलं शेणखत ओंजळभर पुरतं. जास्त दिलंत तर नुसतीच पानं माजतात. कोवळ्या शेंड्यांवर मावा दिसला तर पाण्याचा जोराचा फवारा मारावा. कधी कधी शेपटीला काटा असलेला बोटभर सुरवंट एका रात्रीत फांदी बोडकी करतो. त्याला चिमट्याने उचलून लांब रानात सोडावा. पुढे त्याचाच मोठा पतंग होतो. पाऊस सरताना पानांवर पांढरी भुरी येते तेव्हा घाबरून औषधं मारू नका. तोवर त्याचं जाण्याचं वय झालेलं असतं.

माझी मुलगी तेरड्याच्या पाकळ्या तुरटीच्या खड्याबरोबर वाटून नखांना बांधते. सकाळी नखं नारिंगी होतात. मेंदीचा रंग ज्या लॉसोन नावाच्या द्रव्यामुळे येतो, ते तेरड्यातही असतं. तिकडे कोरियातल्या मुलीही तेरड्यानेच नखं रंगवतात. हे कळल्यापासून शेजारच्या मुलीही परसात घिरट्या घालू लागल्या आहेत. एक मात्र सांभाळायचं. गौरीच्या फुलांत काही घरी कळलावीही असते. तिचे पिवळे-तांबडे ज्वाळांसारखे हात दिसतात सुरेख, पण झाड विषारी आहे, कंद तर फारच. ती मुलांच्या हाताला लागू देऊ नये. तेरडा आणि कळलावी एका टोपलीत आणली तरी खेळायला द्यायचा तो तेरडाच.

आता बियांकडे येते, कारण सगळं मर्म तिथेच आहे. तेरड्याची शेंग लवदार, टपोरी. पिकली की रंग जरासा फिकटतो. तिला नुसतं बोट लागलं तरी फट्‌दिशी फुटते, साली आत वळतात आणि बिया चारी दिशांना उडतात. शास्त्रात त्याच्या कुळीला ‘इम्पेशन्स’ म्हणतात, म्हणजे उतावीळ. बी धरायचं तर शेंग झाडावर असतानाच मुठीत घ्यायची आणि मुठीतच फुटू द्यायची. मग कागदाच्या पिशवीत मूठ उघडायची. चार-पाच दिवस सावलीत वाळवून कागदाच्या पुडीत, पुडी कोरड्या डब्यात. सासूबाईंचे हात आता थरथरतात, त्यामुळे निम्म्या शेंगा पिशवीपर्यंत पोचायच्या आतच फुटतात. ‘‘असू दे, ती त्याची वाटणी,’’ असं म्हणून त्या पुढच्या शेंगेकडे वळतात.

गौरीसाठी झाडं काढतानाही त्यांचा एक नेम आहे. दाटीतली तेवढी काढायची, आणि काही झालं तरी निम्मी झाडं उभी ठेवायची. तेरडा एका पावसाळ्याचा जीव. बी धरायच्या आत मुळासकट उपटला की त्या झाडाचा वंश तिथेच संपला. गणपतीत बाजारात डोंगरावरून आलेल्या तेरड्याच्या मोळ्याच्या मोळ्या दिसतात, तेव्हा सासूबाईंचा तो नेम मला आठवतो. आणणाऱ्या बायाबापड्यांचे चार पैसे होतात, त्यांना बोल लावायला माझी जीभ धजत नाही. पण ज्यांच्या दारात हातभर माती आहे, त्यांनी आपल्या गौरीपुरता तेरडा घरी लावला तर डोंगराचं तेवढं ओझं कमी होईल.

सासूबाईंची आणखी एक रीत होती. दर दिवाळीला धाकटी नणंद माहेरपणाला आली की जाताना तिच्या पिशवीत तेरड्याच्या बियांची एक पुडी टाकायची. नणंदेचं सासर मार्गताम्हाण्याकडच्या एका वाडीत, डोंगरउतारावर. आमचे हे हसायचे. ‘‘आई, तिच्या दारात रान माजलंय तेरड्याचं. तिला कशाला बी?’’ सासूबाई म्हणायच्या, ‘‘बी एका घरात ठेवू नये.’’ याहून जास्त त्या कधी बोलल्या नाहीत.

२२ जुलै २०२१ चा दिवस चिपळूणकर विसरणार नाहीत. रात्रभर पाऊस कोसळत होता आणि पहाटे वाशिष्ठीचं पाणी गावात शिरलं. २००५ सालच्या पुराची खूण आमच्या भिंतीवर होती. पाणी तिच्यावर चढायला लागलं तेव्हा सासूबाईंना दोघांनी धरून, मुलीला कडेवर घेऊन आम्ही समोरच्यांच्या माडीवर गेलो. तो दिवस आणि ती रात्र तिथेच काढली. खाली काय काय वाहून जातंय ते कुणी कुणाला विचारलं नाही.

पाणी ओसरल्यावर घरात पाऊल टाकलं तर गुडघाभर चिखल. गाद्या, धान्य, कपडे, माझी पुस्तकं, मुलीची दप्तरं, सगळ्यांचा एकच रंग झालेला. ह्यांचं बाजारात वह्या-पुस्तकांचं दुकान. तिथल्या कागदाचा तर नुसता लगदा झाला होता. परसात अळू नाही, तेरड्याची वीत-वीत वाढलेली रोपं नाहीत, सपाट गाळ. आणि फडताळातला तो बियांचा डबाही गेला होता. एवढ्या सगळ्या नुकसानीत त्या डब्याची किंमत ती काय! पण चिखल उपसताना सासूबाईंनी चौकशी केली ती तेवढ्या एकाच वस्तूची. मी ‘‘नाही सापडला’’ म्हटलं. त्या गप्प बसल्या.

गणपती आले १० सप्टेंबरला. भिंती अजून ओल्याच होत्या. हे म्हणाले, ‘‘यंदा दीड दिवसाचा गणपती बसवू. गौर राहू दे. आणायचं काय आणि घालायचं काय?’’ त्यांचंही खोटं नव्हतं. दुकान उभं करायला हातात पैसा नव्हता. आणि सासूबाई बाजारच्या तेरड्याला तयार नव्हत्या. घरची गौर घरच्या मातीतली, हे त्यांनी पन्नास वर्षं पाळलं होतं. त्या बोलत नव्हत्या, पण जेवतही नव्हत्या. सणाच्या दिवसांत घरात अशी शांतता मी कधी अनुभवली नव्हती.

१२ तारखेला, गौरी आणायच्या दिवशी, सकाळच्या गाडीने नणंद आली. एका हातात भोपळा आणि दुसऱ्या हातात ओल्या गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी. ओटीवरच तिने गोणपाट सोडलं. सात झाडं तेरड्याची, मुळांना माती तशीच. मी पाहतच राहिले. ती म्हणाली, ‘‘वहिनी, ही काही माझी नव्हेत. आईने दिलेल्या बियांचीच.’’

सासूबाई उठल्या. स्वतः विहिरीवर गेल्या. विहीर दोनदा उपसून झाली होती, तरी पाणी गढूळच होतं. त्याच पाण्याने त्यांनी मुळं धुतली. सुपं वाहून गेली होती, म्हणून ओवसा स्टीलच्या ताटात भरला. पाट नव्हता, चार विटा मांडून त्यावर गौर बसवली. मदतीच्या गाठोड्यात आलेली एक कोरी साडी होती, ती नेसवली. तांदळाची भाकरी आणि भोपळ्याची भाजी, एवढाच नैवेद्य. हे तोवर काही बोलले नव्हते. आरतीला मात्र तेच उभे राहिले, आणि नेहमीपेक्षा मोठ्याने म्हणाले.

त्या रात्री सासूबाई पोटभर जेवल्या.

त्या दिवाळीला बियांची पुडी उलटी आली, मुलीकडून आईकडे. पुढच्या जूनमध्ये आम्ही ती पेरली. पुराने घरातलं बरंच काही नेलं, पण परसात जो गाळ टाकून गेला त्यात तेरडा माझ्या कमरेएवढा वाढला. सासूबाई खुर्ची टाकून बसायच्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, ‘‘लेकीकडून आलाय.’’

पुष्कळदा विचार करते, तो डबा आम्ही कितीही जपला असता तरी त्या दिवशी तो जायचा तो गेलाच असता. घरात टिकलं ते घरात ठेवलेलं नव्हे, बाहेर दिलेलं. हे काही सासूबाईंनी पुस्तकात वाचलेलं नाही. तेरडा वर्षानुवर्षं त्यांच्यासमोर हेच करत होता. शेंग मूठ आवळून बसत नाही. पिकली की आपल्याजवळचं लांब फेकते आणि मोकळी होते. म्हणून तीन दिवसांच्या फुलाचं झाड पुढच्या पावसाळ्यात पुन्हा दारात हजर!

तेव्हापासून आमच्या घरी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण ठरलेलं आहे. प्लॅस्टिकच्या डब्या आणि चमचे पुरे झाले. मुलीच्या जुन्या वह्यांच्या कागदांची लहान पाकिटं करायची, प्रत्येकात चमचाभर तेरड्याचं बी. वर मी माझ्या अक्षरात लिहिते, ‘मृगाच्या पावसानंतर पेरा. खोल पुरू नका. गौरीला निम्मीच झाडं काढा. आश्विनात बी धरा आणि दोन घरी द्या.’ पहिल्या वर्षी बायकांना जरा नवल वाटलं. गेल्या संक्रांतीला मात्र एकीने कुंकू लावून घेता घेता आपल्या पिशवीतून तसंच एक पाकीट काढून माझ्याच हातात ठेवलं. तिच्या परसातल्या तेरड्यात एक झाड गर्द जांभळ्या फुलांचं निघालं होतं, त्याचं बी. ते यंदा विहिरीच्या कडेला पेरायचं ठरवलं आहे.